खोक्यात न मावणारा कागद

गोळ्यांच्या खोक्यात गोळ्यांपेक्षा कागदच मोठा निघाला. मे महिन्यातली दुपार, बाहेर त्रेचाळीस अंश, पंखा छताची गरम हवा खाली ढकलतोय आणि मी पलंगावर बसून त्या कागदाच्या घड्या मोडतोय. अक्षरं मुंगीच्या अंड्याएवढी. चष्मा लावला, तरी मोबाइलचा टॉर्च लागलाच.

फिनास्टेराइड, १ मिलिग्रॅम, केस गळू नयेत म्हणून. हीच ५ मिलिग्रॅमची असली की म्हाताऱ्या माणसांना प्रोस्टेटसाठी देतात. अमेरिकेत केसांसाठी तिला १९९७ साली मान्यता मिळाली. शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून जे डीएचटी नावाचं हार्मोन बनतं, ते ही कमी करते. कारण हे डीएचटी टाळूवरच्या केसांच्या अक्षरशः मुळावर उठलेलं असतं. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पुढे दुष्परिणाम सुरू झाले. म्हणजे, कागदावर.

इच्छा कमी होणे. मेमधल्या सोलापुरात कुणाला कसली इच्छा उरते? उदास वाटणे. रविवारी संध्याकाळी मला ते शाळेपासून वाटतंय. छाती दुखणे किंवा सुजणे. लगेच बनियनमध्ये हात घालून चाचपून पाहिलं, तर दुखलं की! चार वेळा दाबलं तर कुणाचंही दुखेल, हे पाचव्यांदा दाबताना लक्षात आलं. गोळी अजून पाकिटातच होती.

मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "घे की बे, काय होत नाही." हा स्वतः मिनॉक्सिडिल, म्हणजे टाळूवर लावायचं केसांचं औषध, लावायला लागला आणि पहिल्या महिन्यात होते त्यापेक्षा जास्त केस गळाले म्हणून घाबरून बाटली फेकून मोकळा झाला. सुरुवातीला तसं होतंच, हे त्याला नंतर कळलं. आता तो सगळा दोष बोअरच्या पाण्याला देतो. आमच्याकडे पाण्याला काहीही बोललेलं चालतं.

मग मी मोबाइलवर आणखी वाचत गेलो. ही माझी जुनीच खोड. २००७ साली इटलीतल्या डॉक्टरांनी प्रोस्टेटच्या १२० रुग्णांना हीच गोळी, ५ मिलिग्रॅमची, दिली होती. काहींना लैंगिक दुष्परिणामांची कल्पना दिली, काहींना दिलीच नाही. वर्षभराने, सांगितलेल्यांपैकी ४३.६ टक्के लोकांनी तशी तक्रार केली. न सांगितलेल्यांपैकी १५.३ टक्क्यांनी. वाचून धीर यायला हवा होता. पण मी आता सांगितलेल्यांत जमा झालो होतो. कागद परत खोक्यात कोंबायला गेलो, तर मूळच्या घड्या काही केल्या जमेनात.

"काय चाललंय एवढं?" बायकोनं आतून विचारलं.

"काही नाही."

टक्कल आमच्या घरात अण्णांपासून आहे. सोलापूरच्या पूर्व भागात ते यंत्रमागावर होते, टॉवेलच्या. रात्रपाळी करून सकाळी दारात उभे राहिले की डोक्यावर पांढरं मऊ काहीतरी उगवलेलं असायचं. चार-पाच वर्षांचा असताना मी एकदा आनंदाने ओरडलो होतो, "आई, अण्णांना केस आले!" अण्णा उंबऱ्यात खाली वाकले, मला हात लावू दिला. बोटांना कापसाचे तंतू चिकटले. आई हसत हसत ओला टॉवेल घेऊन आली. टॉवेलही त्यांच्याच कारखान्यातला, सेकंडचा, एका कडेला वीण चुकलेला. तिनं दोन हातांत त्यांचं डोकं धरून भांडं पुसावं तसं पुसलं आणि खाली चकचकीत टक्कल निघालं. मला फार वाईट वाटलं होतं.

टकलाचं त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. न्हाव्याशी मात्र घासाघीस करायचे, अर्ध्या डोक्याचे अर्धे पैसे म्हणून.

डोक्यावरचा कापूस आई पुसून काढायची. नाकातोंडातून आत गेलेला तसाच राहिला. शेवटची काही वर्षं अण्णांचा खोकला पहाटे चारला सुरू व्हायचा आणि आम्ही सगळे अंथरुणात जागे, एकमेकांना झोपल्याचं दाखवत पडून राहायचो.