टाकी ते पंप: वायर की वायरलेस, आतापर्यंतची नोंद

टाकीतील पाण्याची पातळी मोजणारा नोड (सेन्सर आणि त्याचा छोटा नियंत्रक) आणि पंपाचा नियंत्रक यांच्यामधील सुमारे ३० मीटरच्या अंतरासाठी मी वायर निश्चित केली आहे, तर कुंड्यांमधील ओलावा मोजणारे नोड वायरलेसच राहतील. हा निर्णय अंतरावर किंवा वेगावर नव्हे, तर प्रत्येक नोडला वीज कुठून मिळणार यावर घेतला. टाकीवरच्या अल्ट्रासॉनिक सेन्सरसाठी पुरवठ्याची वायर न्यावीच लागणार होती, आणि तिच्याच केबलमध्ये डेटाची एक जोडी मोकळी होती.

सेन्सरची आय-टू-सी बस (चिप एकमेकींशी जवळच्या अंतरात बोलतात ती दोन तारांची जोडणी) थेट लांबवणे शक्य नव्हते. त्या बसवर ४०० पिकोफॅरड एवढीच धारिता (तारांमध्ये विद्युतभार साठण्याची क्षमता) चालते आणि ट्विस्टेड पेअर, म्हणजे पीळ दिलेल्या जोडतारांच्या केबलमध्ये मीटरमागे साधारण ५० पिकोफॅरड धरावे लागतात, म्हणजे आठ मीटरमध्येच मर्यादा संपते. म्हणून आरएस-४८५ घेतले, म्हणजे ए आणि बी या दोन तारांमधील व्होल्टेजच्या फरकावरून लांबवर डेटा नेणारी पद्धत; वेग ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट). टोकावरून लहर परतू नये म्हणून दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावावेत हा नियम सर्वत्र सांगितला जातो, परंतु ऑसिलोस्कोपवर ते काढून पाहिले असता सिग्नलच्या कडेला उठलेली थरथर क्षणात विरली. हे गणितातूनही दिसते: ३० मीटर जाऊन परतणाऱ्या लहरीला साधारण ०.३ मायक्रोसेकंद लागतात आणि एका बिटची लांबी १०४ मायक्रोसेकंद असते, त्यामुळे बिट मध्यावर वाचला जाईपर्यंत प्रतिध्वनीचा मागमूसही उरत नाही. दोन्ही रेझिस्टर लावल्यास मात्र ट्रान्समीटर चालू असताना तीसेक मिलिॲम्पिअर प्रवाह केवळ त्यांच्यातच खर्च होतो. या वेगाला आणि या अंतराला मी ते लावणार नाही. वेग वाढवायचा झाल्यास अर्थातच लावावे लागतील.

बायसिंग (तारा मोकळ्या असताना त्यांना रेझिस्टरने ठरलेल्या व्होल्टेजला धरून ठेवणे) मात्र टाळू नये, असे माझे ठाम मत आहे. कोणीही बोलत नसताना ए आणि बी या तारांमधील फरक २०० मिलिव्होल्टच्या आत राहिला, तर अनेक रिसीव्हर काय वाचतील याची खात्री देता येत नाही, आणि निव्वळ गोंगाटातून स्टार्ट बिट (बाइट सुरू झाल्याची खूण) उभा राहू शकतो. त्याचप्रमाणे, शेवटचा बाइट बफरमधून निघाला म्हणजे तो तारेवरून गेला असे नसते. शिफ्ट रजिस्टर (बिट एकेक करून तारेवर सोडणारा भाग) रिकामे झाल्याचा फ्लॅग पाहूनच डीई पिन, म्हणजे ट्रान्समीटर चालू ठेवणारी पिन, खाली आणावी.

कुंड्यांजवळ वीज नाही, म्हणून तिथे ईएसपी३२ ही वायरलेस सोय असलेली चिप आणि तिचे राउटरशिवाय थेट निरोप पाठवणारे ईएसपी-नाऊ. निरोप त्याच्या पहिल्या आवृत्तीतील २५० बाइटच्या मर्यादेतही आरामात बसतो. खरा प्रश्न झोपेतल्या खर्चाचा आहे. डीप स्लीपमध्ये (बहुतेक भाग बंद ठेवणाऱ्या गाढ झोपेत) चिप सुमारे १० मायक्रोॲम्पिअर घेते, पण बोर्डवरचा एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) स्वतःच सुमारे ५ मिलिॲम्पिअर पितो, म्हणजे २००० मिलिॲम्पिअर-अवरची बॅटरी अवघ्या ४०० तासांत रिकामी होईल. त्यामुळे तयार डेव्हलपमेंट बोर्ड बाजूला ठेवून सुटे मॉड्यूल आणि स्वतः कमी वीज घेणारा रेग्युलेटर असा बोर्ड आखत आहे.

पंपाच्या फर्मवेअरमध्ये एक नियम पक्का केला आहे: ठरावीक वेळेत सीआरसी (निरोप न बिघडता आला का हे तपासणारा अंक) जुळणारा निरोप आला नाही, तर पंप बंद. तार तुटली तरी टाकी ओसंडता कामा नये.

आता काम उरले आहे ते छतावरून येणाऱ्या तारेच्या संरक्षणाचे. विजेच्या कडकडाटात अशा तारेत विद्युतदाब प्रेरित होतो, म्हणून आरएस-४८५ च्या उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या पट्ट्यासाठीच बनवलेला एसएम७१२ हा टीव्हीएस डायोड (अचानक वाढलेला विद्युतदाब रोखणारा) दोन्ही टोकांना बसवणार आहे.