तिचं राहू दे

जून ते डिसेंबर. पहिलीच्या वर्गात त्या मुलीच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. हजेरी नाही, कविता नाही, 'बाई, पाणी प्यायला जाऊ?' हेही नाही. एकदा बाकावरच शू झाली. विचारता आलं नाही म्हणून. त्या दिवशी बाईंनी तिला माझ्याकडे पाठवलं.

मी नाशिकच्या एका शाळेत समुपदेशक आहे. सुरुवात मीच चुकीची केली. टेबलावर चॉकलेट ठेवलं आणि म्हटलं, "नाव सांग, मग तुझं." तिचे ओठ आणखी घट्ट मिटले. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर ही चूक मला शोभणारी नव्हती.

आईला बोलावलं. कुटुंब धुळ्याकडचं, वडील सातपूरला कारखान्यात, घरात अहिराणी. आई खुर्चीच्या कडेवर टेकली आणि आल्या आल्या म्हणाली, "मॅडम, घरी हिची टकळी बंद होत नाही. शाळेतच काहीतरी झालंय." बाईंचं उलट. "हट्टी आहे. हसते बरोबर, बोलायचं तेवढं नाही." आजीनं जीभ जड आहे म्हणून वेखंड उगाळून मधातून चाटवायला घेतलं होतं. वडिलांनी सायकल कबूल केली होती आणि कामावरून आले की पहिला प्रश्न, "आज बोललीस का?" आईनं लग्नकार्याला जाणंच सोडलं होतं. पोरगी कुणाला उत्तर देत नाही, मग सगळे आईकडे बघतात.

तिनं पिशवीतून मोबाइल काढला. "खोटं वाटेल तुम्हाला, म्हणून आणलाय."

व्हिडिओत पलंगावर उशा ओळीनं मांडलेल्या. समोर ही, हातात लाटणं. हजेरी चालली होती. अख्खा वर्ग नंबरवार, एक नाव न चुकता, हुबेहूब बाईंच्या आवाजात, मधेच नसलेला चष्मा सावरत. बावीस नंबरच्या उशीला "जोरात बोल रे" असा दमही मिळाला. तेविसावा नंबर तिचा स्वतःचा. तिथं ती थांबली, आवाज उतरवला आणि म्हणाली, "तिचं राहू दे." मग चोवीस.

बाई माझ्या शेजारीच होत्या. "हे मी म्हणते," त्या म्हणाल्या. "तिला अवघड होऊ नये म्हणून म्हणते हो."

यात खोटं काहीच नव्हतं. वर्गात पन्नास मुलं असताना ही समजूत मोठीच. फक्त त्या समजुतीनं तिच्यासाठी एक कोपरा कायमचा करून ठेवला होता.

निदान करणं माझं काम नाही. कान तपासून घेतले, बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. सिलेक्टिव्ह म्युटिझम. हा चिंतेचा विकार आहे. मूल घरी मोकळं बोलतं, पण शाळेसारख्या ठिकाणी महिन्याहून जास्त काळ गप्प राहतं. शाळेचा पहिला महिना त्यात धरत नाहीत, नवखेपणा सगळ्यांनाच असतो. पूर्वी याला 'इलेक्टिव्ह' म्हणत, म्हणजे मूल ठरवून बोलत नाही असा अर्थ व्हायचा. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनं १९९४ साली शब्द बदलला. आपण अजून 'घुमी आहे' म्हणून मोकळे होतो.

वेखंड, सायकल आणि 'बोललीस का', तिन्ही बंद करायला सांगितलं. वडिलांना शेवटचं सगळ्यात जड गेलं.

शनिवारी शाळा सकाळची. सुटली की रिकाम्या वर्गात मायलेकी साप-शिडी खेळायच्या, घरं मोठ्यानं मोजत. पहिले दोन शनिवार मी व्हरांड्यात. तिसऱ्या शनिवारी दार अर्धं उघडं ठेवलं. माझी चप्पल वाजली की आकडे बंद.

चौथ्या शनिवारी मी चपला बाहेर काढून आत गेले आणि त्यांच्याकडे पाठ करून कपाटातले कागद लावत बसले. मागून "तीन, चार, पाच" येत होतं. तेवढ्यात सफाईच्या मावशी बादली आपटत दारात. झालं! वर्ग एकदम चिडीचूप. मावशी गेल्या, तरी वीसेक मिनिटं नुसता फासा वाजत होता. आज संपलं, असं मी मनाशी धरलं. एकेक कागद तीन-तीनदा लावून झाला होता. मग कुजबुजीत "दोन" आलं. मग "सहा", जरा वर.

मी सरकत सरकत पटाशी गेले, पिवळी सोंगटी घेतली. तिच्याकडे बघितलं नाही. मला चार पडले. बोलायचं काय, या नादात सोंगटी चुकून एक घर पुढे ठेवली.

"तिथं नाही. इथं. साप आहे."

घोगरा, मोठ्या माणसासारखा आवाज. आईचा हात तोंडाकडे गेला. मी डोळ्यांनीच तिला थांबवलं. अशा वेळी कौतुक केलं की मूल परत आत जातं. मी सोंगटी मुकाट्यानं सापाच्या शेपटीला आणली आणि फासा तिच्यापुढे ठेवला. तिला पाच पडले, शिडी लागली. मी हरले.

सोमवारी हजेरीला मी दाराबाहेर उभी होते. तेवीस नंबर आला. बाईंनी नाव घेतलं आणि ठरल्याप्रमाणे मनात पाच मोजले. मागच्या बाकावर कुणीतरी पट्टी पाडली. आवाज काही आला नाही. बाईंनी 'राहू दे' म्हटलं नाही. तिच्याकडे बघून हजेरी मांडली आणि चोवीस नंबर घेतला.