ओहायोतली चिबड

आमच्या ऑफिसात दिवसभर मातीचं काम चालतं, आणि खरी माती म्हणाल तर खिडकीतल्या मनीप्लांटच्या कुंडीत असेल तेवढीच. ऐरोली स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, सातवा मजला. तिथे आम्ही चौदाजण अमेरिकेतल्या जमिनींची नोंदपत्रकं तपासतो. तिकडचा सर्वेक्षक गिरमिटाने भोक पाडून माती वर काढतो, थराथराची खोली, रंग, पोत कोडमध्ये लिहितो. त्या कागदांचे स्कॅन आमच्याकडे येतात. एक टीम ते टाइप करते, दुसरी चुका धरते. मी दुसरीत. दापोलीला मृदाशास्त्र शिकले तेव्हा वाटलं होतं, पायात गमबूट आणि हातात फावडं असेल. हातात माउस आला.

गेल्या जुलैतली गोष्ट. रात्रभर कोसळत होता. ठाण्याला दहा नंबरवर ट्रान्स हार्बरची गाडी अर्धा तास आलीच नाही, आणि ऑफिसात पोचले तेव्हा सलवारीच्या घोट्यापर्यंत चिखल. आल्याआल्या लीड सरांनी सांगितलं, "ती ओहायोची बॅच आज संध्याकाळी जाऊ दे. चौतीसच भोकं आहेत, सॉफ्टवेअरने सगळी पास केलीयत. तू फक्त नजर टाक."

वायव्य ओहायोतला जंगलाचा जुना तुकडा होता. भोवताली सपाट मक्याची शेतं, मधे हे झाडांचं बेट. मालकाला तिथली काही झाडं काढून काळा अक्रोड लावायचा होता. त्याच्या लाकडाला तिकडे चांगला भाव येतो, पण तो झाडांमधला नवाबच: खोल, भुसभुशीत, पाणी लगेच सोडणारी जमीन पाहिजे. म्हणून हे सर्वेक्षण. निचऱ्याच्या रकान्यात चौतीसच्या चौतीस ठिकाणी 'डब्ल्यूडी', म्हणजे उत्तम निचरा. पाण्याच्या पातळीच्या रकान्यात 'दीड मीटरपर्यंत आढळले नाही'. अक्रोडासाठी याहून चांगलं काय हवं!

मी पहिली ओळ उघडली आणि चहाचा कप खाली ठेवला.

थराचं नाव होतं 'बीटीजी'. 'बी' म्हणजे वरच्या काळसर थराखालचा थर. 'टी' म्हणजे वरून पाण्याबरोबर झिरपत येऊन साठलेली चिकणमाती. हे अक्षर जर्मन शब्दावरून आलंय. आणि 'जी' म्हणजे ग्ले, पाण्यात राहून राखाडी पडलेली माती. रंग १० वायआर ५/१. मुन्सेलच्या रंगपुस्तकात शेवटचा आकडा रंगाचा भडकपणा सांगतो आणि तो दोन किंवा त्याहून खाली आला की रंग जवळजवळ उडालेला असतो. त्यात भर म्हणून 'पुष्कळ, ठळक, ७.५ वायआर ५/८' असे डाग, म्हणजे चक्क गंजाचा रंग. हे सगळं पृष्ठभागापासून तीस सेंटीमीटरच्या आतच. चिकणमातीचं प्रमाण बहुतेक ओळींत चाळीस टक्क्यांच्या वर. आणि ऐंशी सेंटीमीटरखाली 'सीडी'. (नवीन मुलं हसतात त्याला. 'डी' म्हणजे घट्ट, दाबला गेलेला थर.)

अशा जमिनीचा निचरा उत्तम? सॉफ्टवेअर प्रत्येक रकाना वेगळा तपासतं. रंग बरोबर लिहिलाय, निचऱ्याचा कोड अस्तित्वात आहे, झालं, हिरवी खूण. दोन रकाने एकमेकांशी भांडतायत हे त्याला कसं दिसणार?

मला दिसलं त्याचं श्रेय दापोलीला द्यायला पाहिजे, पण खरं सांगायचं तर ते मुरबाडच्या आमच्या खाचराला जातं. मी नववीत असताना एका रोपवाटिकेच्या माणसाने आप्पांना पटवलं की खालच्या अंगाच्या खाचरात आंब्याची कलमं लावा, भातापेक्षा पैसा आहे. त्याने मार्चमध्ये जमीन पाहिली. मार्चमध्ये ती खडखडीत, भेगाळलेली, कुणालाही वाटेल निचरा चांगला आहे. दोन पावसाळे कलमं उभी राहिली आणि तिसऱ्यात एकेक करून वाळली. पाण्यात उभी राहून वाळली, हे आईला कधीच कळलं नाही. आप्पांनी एक कलम मुळासकट उपटलं तेव्हा खालची माती राखेसारखी होती आणि जुन्या भाताच्या मुळांभोवती नारिंगी नळ्या. "ही माती पाण्याला जेवायला बसवते, उठवत नाही," असं काहीतरी ते म्हणाले होते. पुढे दापोलीत अशा पाणी धरून बसणाऱ्या जमिनीसाठी 'चिबड' हा शब्द शिकले. (शेजारी बसणारी रत्नागिरीची मैत्रीण अजूनही तो ऐकला की चिबूड खायला मागते.)

या राखाडी रंगामागचं रसायन सोपं आहे. चिकणमातीची छिद्रं बारीक. ती पाण्याने भरली की आत हवा शिरत नाही. होता तो प्राणवायू जिवाणू संपवतात आणि मग जगण्यासाठी मातीतल्या लोहाकडे वळतात. मातीला पिवळातांबडा रंग देणारं हे लोह एरवी विरघळत नाही, आता ते विरघळून हलतं आणि मागे धुतल्यासारखी राखाडी माती उरते. पाणी उतरलं की जिथे हवा पोचते तिथे तेच लोह पुन्हा गंजतं, म्हणून डाग. मँगनीजचे छर्र्याएवढे काळे खडे बनतात. म्हणजे सर्वेक्षक कोरड्या दिवशी गेला तरी ओल्या महिन्यांची हजेरी मातीच्या रंगात लागलेली असते. पत्रकावर तारीख होती १८ सप्टेंबर. उन्हाळाभर झाडांनी पाणी शोषलेलं, वर्षातली सगळ्यात कोरडी वेळ. त्यांचा सप्टेंबर म्हणजे आमचा मार्च!

एक गोष्ट मात्र मला विचार करायला लावत होती. तिथे वर्षाला पाऊस पडतो नऊशे मिलिमीटरच्या आतबाहेर. ठाण्यात अडीच हजार. मग इतक्या कमी पावसात जमीन चिबड कशी? उत्तर त्या 'सीडी'त होतं. आपल्याकडची बरीचशी माती खालच्याच काळ्या खडकातून झालेली. तिथली बर्फाने आणून टाकलेली. शेवटच्या हिमयुगात शेकडो मीटर जाड हिमनदी कॅनडाकडून सरकत आली, वाटेतले खडक दळत आणि पीठ, वाळू, गोटे, धोंडे सगळं एकत्र कालवत. हे न चाळलेलं मिश्रण म्हणजे टिल. ग्रॅनाइटचा गोटा शेकडो मैलांवरचा आणि त्याला चिकटलेली चुनखडीची भुकटी तिथलीच. खालच्या थरात ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतं, तेही पत्रकात होतं. वर बर्फाचं ओझं असताना हा थर असा दाबला गेला की पाणी त्यातून उतरायला आठवडे लागतात. हिवाळ्यात झाडं निष्पर्ण, पाणी पिणारं कुणी नाही, वसंतात बर्फ वितळतो, आणि पाणी त्या घट्ट थरावर टांगून राहतं. आप्पांच्या खाचरात बैलांनी आणि नांगराने वर्षानुवर्षं चिखलणी करून जे केलं, ते तिथे हिमनदीने एकदाच करून ठेवलं.

(हिमनदी महाराष्ट्रालाही नवी नाही, हे कॉलेजात ऐकलं तेव्हा आम्ही सगळे चकित झालो होतो. चंद्रपूरजवळ इरईला सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या बर्फाने घासलेले, रेघोट्या ओढलेले चुनखडक आहेत. पण त्या बर्फाने टाकलेला गाळ कधीच दगड होऊन बसलाय. त्याचा आता कुणाच्या कलमांना त्रास नाही.)

लीड सरांना दाखवलं. ते वाईट नाहीत, पण डिलिव्हरी म्हटली की त्यांना दुसरं काही ऐकू येत नाही. "अगं, आपण टाइप करणारे. त्याने डब्ल्यूडी लिहिलंय, आपण डब्ल्यूडी दिलं. तो तिथे उभा होता, तू नव्हतीस."

मुद्दा बिनतोड होता. मी नव्हते. ओहायो सोडा, मी अमेरिकाही पाहिलेली नाही. पण मी म्हटलं, "सर, भोवतालचा नकाशा बघा. हा सगळा पट्टा एके काळी 'ग्रेट ब्लॅक स्वॅम्प' होता, प्रचंड दलदल. एकोणिसाव्या शतकात लोकांनी चर खणले, जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरल्या, तेव्हा कुठे मका उभा राहिला. शेतांखाली नळ्या आहेत. या जंगलाखाली कुणी कशाला पुरल्या असतील? हा तुकडा तसाच राहिलाय." ते गप्प बसले. मग म्हणाले, "फोटो माग. आणि साडेसातच्या कॉलवर तूच बोल. मी मधे पडणार नाही."

साडेसात म्हणजे तिकडचे सकाळचे दहा. तोवर बाहेर खाडी आणि आभाळ एका रंगाचं झालं होतं, तिवरांची रेघ तेवढी मधे. फोटो सातला आले. गिरमिटातून निघालेलं एक ढेकूळ हाताने मोडलेलं: बाहेरून राखाडी, आतून गंजलेलं. आमच्या खाचरात उलटं असतं, गंज मुळांच्या वाटेवर. भाताचं मूळ स्वतः हवा खाली नेतं. इथे पाणी भेगांमध्येच बसून राहतं, म्हणून भेगा राखाडी आणि ढेकळाच्या पोटात गंज. फोटोखाली त्याचा अंगठा दिसत होता, नखात तीच माती.

कॉलवर तो सर्वेक्षक निघाला वयस्कर, सावकाश बोलणारा. मी इंग्रजी जुळवत विचारलं की रंग असा असताना निचरा उत्तम कसा? पलीकडे शांतता. लीड सर छताकडे बघत होते. मग तो म्हणाला, भोकात पाणी दिसलं नाही, फॉर्मच्या यादीत वरचाच पर्याय डब्ल्यूडी होता, पहिल्या भोकाला तो निवडला आणि पुढे तोच येत गेला. चिडला नाही. उलट म्हणाला, थांब, आणखी एक सांगतो. त्या जंगलात चालताना त्याला वीसेक पडलेली झाडं ओलांडावी लागली होती. वाऱ्याने मुळांसकट उताणी पडलेली, आणि मुळांचा गड्डा तव्यासारखा चपटा. खाली गेलेलं एकही मूळ नाही. शेजारी खड्डा, शेजारी उंचवटा, सगळीकडे तसंच.

"मग हे लिहिलं का नाहीत?" मी विचारलं.

"त्याला रकाना नव्हता," तो म्हणाला.

रात्री साडेदहापर्यंत बसून मी आणि त्या सर्वेक्षकाने चौतीस ओळी एकेक करून बदलल्या. सव्वीस ठिकाणी 'पीडी', वाईट निचरा. उंचवट्यांवरच्या आठांना त्याहून एक पायरी बरी. पडलेल्या झाडांचं वर्णन शेऱ्यात टाकलं. अहवालात काळा अक्रोड बाद झाला आणि त्याच्या जागी पाण्यात पाय ठेवून जगणाऱ्या ओकची नावं आली. डिलिव्हरी एक दिवस उशिरा गेली, त्याबद्दल लीड सरांना वरून मेल आला. तो त्यांनी मला दाखवला नाही. शेजारच्या टीममधून कळलं.

ऐरोलीहून ठाण्याची गाडी मिळाली तेव्हा अकरा वाजत आले होते. डब्यात चार बायका, सगळ्यांच्या छत्र्यांचं पाणी एका खोलगट जागी साचलेलं. आप्पांचा फोन आला. इतक्या पावसात मुलगी घरी पोचली का, एवढंच त्यांना विचारायचं होतं, पण मी सगळी हकिगत सांगितली. जंगल, अक्रोड, राखाडी माती, तव्यासारखी मुळं. ते ऐकत राहिले.

"म्हणजे आपल्या खालच्या खाचरासारखीच," ते म्हणाले.

"तशीच."

"मग त्यांना सांग, भात लावा म्हणावं."