फोर्थ आणि वॉलनटचा कोपरा

अमेरिकेतल्या लुईव्हिल शहराच्या मध्यवस्तीत फोर्थ स्ट्रीट आणि महंमद अली बुलेव्हार्ड (पूर्वीचा वॉलनट स्ट्रीट) जिथे एकमेकांना छेदतात, तिथे फुटपाथवर एक पाटी उभी आहे. केंटकी राज्यात अशा ऐतिहासिक पाट्या जागोजागी दिसतात. कुठे लढाई झाली, कुठे कोण जन्मलं, असलं काही त्यांवर असतं. या पाटीवर मात्र एका माणसाला इथे उभं असताना काय जाणवलं, ते लिहिलंय. हॉस्पिटलात नोकरीला लागल्यावर वर्षभर मी बसने तिच्यासमोरून गेले, पण उतरून ती वाचणं काही झालं नाही.

तो माणूस म्हणजे फादर थॉमस मर्टन, कॅथलिक संन्यासी आणि लेखक. इथून साधारण ऐंशी किलोमीटरवर गेथसेमनी नावाचा ट्रॅपिस्ट मठ आहे, म्हणजे मौन आणि प्रार्थनेत राहणाऱ्या कॅथलिक संन्याशांचा, १८४८ पासूनचा. १० डिसेंबर १९४१ रोजी मर्टन तिथे दाखल झाले ते जगाकडे पाठ फिरवूनच. पुढे १८ मार्च १९५८ ला मठाच्या कामासाठी ते शहरात आले होते. बाजाराच्या गर्दीत, या कोपऱ्यावर, त्यांना एकाएकी जाणवलं की ही सगळी माणसं आपलीच आहेत, आपण त्यांच्याहून वेगळे, पवित्र असे कोणी नाही. बस, एवढंच घडलं. पण त्यानंतरचे मर्टन अण्वस्त्रांवर, वर्णभेदावर, व्हिएतनामच्या युद्धावर लिहिताना दिसतात. १९६२ मध्ये त्यांच्या संन्यासी संघाच्या वरिष्ठांनी युद्धाविषयी काही छापायला मनाई केली, तेव्हा त्यांनी आपली पत्रं चक्रमुद्रित करून ओळखीपाळखीच्या लोकांना पाठवली.

हे सगळं मला कळलं ते एका पावलामुळे.

आमच्या वॉर्डात एक पेशंट होते, साठीच्या आसपासचे. डायबेटिस, उजव्या टाचेला खोल जखम. अकरा दिवस मी त्यांचं ड्रेसिंग केलं. जखमेच्या कडा कधी पांढुरक्या, कधी लाल, मग हळूहळू आत भरत येणारं मांस, हे मी रोज वाकून बघत होते. बाराव्या दिवशी डिस्चार्ज. गॉज, टेप, सलाईनच्या बाटल्या, सूचनांचा कागद, सगळं पिशवीत घालून मी त्यांच्या हाती दिलं. 'रोज धुवा, कोरडं ठेवा, पाय उंच ठेवून झोपा.' ते 'येस मॅम' म्हणाले. नऊ दिवसांनी ते परत आले ते सर्जरीसाठी. ती पिशवी जवळपास तशीच होती. ते एका पुलाखाली झोपत होते. पाय उंच कशावर ठेवणार, आणि धुणार कुठे? फाइलमध्ये पत्त्याच्या रकान्यात बेघरांसाठीच्या एका शेल्टरचं नाव होतं म्हणून आम्ही कोणी विचारलंच नव्हतं.

त्या महिन्यात दोन दिवस सुट्टी काढून मी गेथसेमनीला गेले. आई फोनवर म्हणाली, "अगं, गप्प बसायला एवढं लांब कशाला जायचं? घरी दार लावून बस की." तिला काय सांगावं, मला कळेना. तिथे पाहुण्यांना राहायला खोली मिळते, आणि आपल्याला जमेल तेवढी देणगी ठेवायची. मौनाची सवय नसलेल्या माणसाला पहिला दिवस जड जातो. पहाटे सव्वातीनला पहिली उपासना असते. अंधाऱ्या, उंच, पांढऱ्या भिंतींच्या मंदिरात समोरासमोर दोन रांगा, आणि स्तोत्रं संथपणे इकडून तिकडे जात राहतात.

मला वाटलं होतं, इथे मन शांत होईल. झालं उलटंच. डोळे मिटले की ती टाच दिसायची. अगदी स्पष्ट, कडांसकट. आणि त्या माणसाचा चेहरा काही केल्या आठवेना. अकरा दिवस मी वाकून पावलाकडेच बघितलं होतं. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आलेय, सेवेचं उदाहरण म्हणून दुसऱ्यांना सांगतही आलेय. त्या पहाटे पहिल्यांदा मनात आलं की पाय धुताना प्रभू मान वर करून पेत्राशी बोलत होते. पेत्र नको म्हणत होता, हुज्जत घालत होता, आणि ते त्याचं ऐकून घेऊन उत्तर देत होते.

ध्यान म्हणजे मनाला विश्रांती, असं आपल्याकडेही अनेकांना वाटतं. माझा अनुभव असा की खरी शांतता आपल्याला नको त्या जागी नेऊन उभं करते. शिवाय तिथल्या स्तोत्रांत निव्वळ स्तुती कुठे असते? ब्याऐंशीव्या स्तोत्रात तर देव न्यायाधीशांनाच फैलावर घेतो: दीनदुबळ्यांचा, अनाथांचा न्याय कधी करणार? हे शब्द पहाटे कानावर पडल्यावर सकाळी नुसतं प्रसन्न होऊन घरी येणं मला जमलं नाही.

परत आल्यावर मी ती पाटी वाचली. आणि हॉस्पिटलात स्वयंसेविका म्हणून येणाऱ्या एका कृष्णवर्णीय आजींना उत्साहाने त्याबद्दल सांगायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी त्या दुकानांत आम्हाला कपडे घालून बघायची मुभा नव्हती, ठाऊक आहे ना?" मला ठाऊक नव्हतं. पैसे चालायचे, पण ट्रायलरूम नाही, जेवणाच्या काउंटरवर बसणं नाही. १९६१ च्या वसंतात इथल्या विद्यार्थ्यांनी धरणं धरलं, शेकडो जण अटकेत गेले, आणि 'ईस्टरला नवं काही नाही' म्हणत लोकांनी बाजारावर बहिष्कार टाकला. आजी तेव्हा आठ वर्षांच्या. ईस्टरला त्यांच्या अंगावर गेल्या वर्षीचाच फ्रॉक होता, आईने शिवण उसवून लांब केलेला. जुन्या घडीची रेघ गुडघ्याखाली दिसत होती, आणि चर्चमध्ये सगळ्याच मुलींच्या फ्रॉकवर ती होती. सार्वजनिक जागी भेदभाव करायला मनाई करणारा शहराचा कायदा १९६३ मध्ये झाला. आणि याच वॉलनट स्ट्रीटचा पश्चिमेकडचा भाग, जिथे कृष्णवर्णीयांची दुकानं, थिएटरं, विमा कंपन्या होत्या, तो पुनर्विकासाच्या नावाखाली जमीनदोस्त झाला. रस्त्याला महंमद अलींचं नाव मिळालं ते १९७८ मध्ये.

मर्टन यांचं दर्शन याने खोटं ठरत नाही. मला ते उलट जास्त खरं वाटायला लागलं, कारण ते तिथे थांबले नाहीत. सगळे आपले आहेत हे एकदा दिसलं, की मग आत कोणाला येऊ देत नाहीत हेही बघावं लागतं. त्या कोपऱ्यापासून जेफरसन स्क्वेअर चालत काही मिनिटांवर आहे. २०२० मध्ये ब्रिओना टेलरसाठी लोक महिनोन्‌महिने तिथे जमत होते. पोलिसांच्या गोळ्यांनी तिच्या राहत्या घरात ती मारली गेली, सव्वीस वर्षांची. ती इमर्जन्सी रूममध्ये टेक्निशियन होती, आमच्याच कामातली. हे मला त्या चौकातून जाताना दर वेळी आठवतं.

वॉर्डात आम्ही चौघी नर्सेसनी मिळून एक छोटी गोष्ट मागितली. डिस्चार्जच्या कागदावर दोन प्रश्न वाढवायचे: आज रात्री कुठे झोपणार? तिथे पाणी आहे का? सात महिने मीटिंगा चालल्या. मंजुरी मिळाली तेव्हा ते टाचेचे पेशंट कुठे होते, कोणालाच सांगता आलं नाही.

मागच्या मंगळवारी पोटरीला टाके पडलेल्या एक बाई घरी जायला निघाल्या होत्या. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि दोन्ही प्रश्न विचारले. त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "गाडीत," म्हणाल्या. "पाणी पेट्रोल पंपावर." मी तसंच्या तसं लिहिलं आणि सोशल वर्करला फोन लावला. डिस्चार्ज त्या दिवशी झाला नाही.