वेबिलाची सवय

एसटीत २७ वर्षं कंडक्टरकी केली. वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, लिहून लिहून दिसेल तो आकडा टिपायचा नादच लागला. हिला एपीएल निघाला (रक्ताच्या कॅन्सरचाच एक प्रकार) आणि पुण्यात भरती केलं, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "काका, रोज चहाच्या आधी वजन करायचं." मी लगेच वही आणली. पहिली नोंद ५२.१.

औषधं दोन. ॲट्राच्या गोळ्या, ए जीवनसत्त्वाच्या कुळातल्या, आणि सलाइनमधून आर्सेनिक. म्हणजे आपला सोमल! मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

नवव्या दिवशी संध्याकाळी ताप १०१.६. हिला आडवं होववेना, बोटाच्या मशीनवर ८८. ऑक्सिजन लावला, कल्चरला (रक्तात जंतू वाढतात का ते बघायला) दोन ठिकाणचं रक्त घेतलं, तासाच्या आत अँटिबायोटिक सुरू. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढुरकी. न्यूमोनिया, बुरशी, टीबी, की आत रक्तस्राव? दुर्बीण घालावी तर रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट जेमतेम १८ हजार आणि श्वास हा असा.

रात्री ११ ला मोठ्या मॅडम आल्या. हिच्या पायावर अंगठा दाबला, खळगा पडला. माझ्याकडे वळल्या, "वजन?"

वही पुढे केली. चार दिवसांत ५२.४ वरून ५७.९. आकडे सिस्टरांच्या चार्टवरही होते, पण एकाखाली एक माझ्याच वहीत. जेवण रोजचं दोन चमचे भात, तरी मला वाटलेलं, अंग धरतेय! मनातून खूशच होतो.

मॅडम म्हणाल्या, "या आजारात पांढऱ्या पेशी पोरवयातच अडकतात. औषधानं त्या मोठ्या होतात, पण एकदम वयात आल्या की दंगा घालतात. रक्तवाहिन्या पाझरतात, पाणी फुप्फुसात शिरतं." पांढऱ्या पेशी २ हजारांवरून १९ हजारांवर गेल्या होत्या. नाव डिफरन्शिएशन सिंड्रोम. नक्की सांगणारी एखादी तपासणी नाही, आणि वाट बघत बसायची सोय नाही. डेक्सामिथासोन हे स्टिरॉइड १० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. ॲट्रा तूर्त बंद. अँटिबायोटिक मात्र चालूच ठेवलं, कारण संसर्ग नाहीच असं छातीठोकपणे कोण सांगणार?

मी रात्रभर ते मशीनच बघत होतो. ९१. ९०. ९३.

तिसऱ्या दिवशी कल्चर निगेटिव्ह आलं, वजन ५४.६. ही उशीला टेकून बसली, वही मागून घेतली, पानं चाळली.

"माझं वजन असं सगळ्या दवाखान्याला दाखवत फिरता होय?"