बेसिल्डन पार्क: बंगालच्या पैशातलं घर, लिंकनशरची दारं

लंडनहून एका दिवसात जाऊन येता येईल अशी जुनी घरं पुष्कळ आहेत. त्यांतलं एकच बघायचं असेल, तर मी बर्कशरमधलं बेसिल्डन पार्क सुचवेन.

हे बांधणारा फ्रान्सिस साइक्स ईस्ट इंडिया कंपनीचा मुर्शिदाबाद दरबारातला रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी, होता. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा हक्क, कंपनीकडे आली आणि त्याच काळात तो गब्बर झाला. १७७१ मध्ये त्याने ही जागा घेतली आणि पुढे यॉर्कच्या जॉन कार या वास्तुरचनाकाराकडून घर बांधून घेतलं. तो मायदेशी परतल्यावर थोड्याच काळात, १७७० मध्ये, बंगालमध्ये लाखो माणसं दुष्काळात मेली. समोरचे मधाळ रंगाचे दगडी खांब देखणे आहेत, पण मला ते बघताना मुर्शिदाबादची रयत विसरता आली नाही.

नातवाच्या काळात कर्ज झालं आणि १८३८ मध्ये घर जेम्स मॉरिसनने विकत घेतलं. खानावळवाल्याचा हा मुलगा लंडनमध्ये कापडाच्या घाऊक व्यापारात कोट्यधीश झाला होता. साइक्सने अर्धवट सोडलेला अष्टकोनी दिवाणखाना त्यानेच पुरा केला. तिथलं छत मान वर करून निवांत बघा.

नंतरचा काळ मात्र वाईट गेला. १९२९ नंतर घर एका व्यावसायिकाच्या हाती गेलं. सुटं करून अमेरिकेत पुन्हा उभारून देतो, म्हणून त्याने ते विकायला काढलं. गिऱ्हाईक मिळालं नाही, पण आतलं काही सजावटीचं काम न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात गेलं. दुसऱ्या महायुद्धात इथे सैनिक राहिले, पुढे युद्धकैदीही. १९५० च्या दशकात आयलिफ दांपत्याने हे पडीक घर घेतलं. कारनेच काम केलेलं लिंकनशरमधलं पँटन हॉल तेव्हा मोडकळीला आलं होतं. तिथली दारं आणि शेकोटीच्या चौकटी आणून त्यांनी इथे बसवल्या. माप इतकं जुळलं की सांगितल्याशिवाय कळत नाही, म्हणून खोल्यांमधल्या स्वयंसेवकांना कुठलं दार कुठून आलं ते जरूर विचारा. ही मंडळी हौसेने सांगतात. १९७८ मध्ये आयलिफांनी घर नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुनी घरं जपणाऱ्या संस्थेला, दिलं.

जायचं कसं: पॅडिंग्टनहून रेडिंगमार्गे पँगबोर्न स्टेशन. तिथून घर साधारण चार किलोमीटर आहे. टॅक्सी आधी ठरवून ठेवा, परतीचीसुद्धा. बाग आणि घर यांच्या वेळा वेगळ्या असतात, त्या निघण्यापूर्वी ट्रस्टच्या संकेतस्थळावर बघा. मुख्य दालनं वरच्या मजल्यावर आहेत, त्यामुळे गुडघे दुखणारे आई-बाबा सोबत असतील तर जिन्याबद्दल फोनवर विचारून घ्या. अशी दोन-तीन घरं बघायची असतील, तर सुट्या तिकिटांऐवजी ट्रस्टच्या सदस्यत्वाचा हिशेब करून पाहा. आयलिफांचं १९५० च्या दशकातलं स्वयंपाकघर शेवटी ठेवा, त्याला चांगला अर्धा तास लागतो.