मामांच्या दुकानातला लकी ड्रॉ

फैजपूरला मामांचं कृषी सेवा केंद्र आहे. केळीच्या हंगामात खत घेणाऱ्यांसाठी त्यांनी ड्रॉ ठेवला, बक्षीस तीन फवारणी पंप. अट एकच : जितक्या गोण्या जास्त, तितकी संधी जास्त. काम माझ्या गळ्यात पडलं.

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत यासाठी रँडम डॉट चॉइसेस हे तयार फंक्शन आहे, ३.६ आवृत्तीपासून. नावांची यादी द्यायची, वेट्स म्हणून गोण्यांचे आकडे द्यायचे. आत ते बेरजा लावत जातं. समजा तिघांच्या गोण्या ४०, १० आणि ५. तर बेरजा ४०, ५०, ५५. मग शून्य ते ५५ मधला एक आकडा निघतो. ४३.२ आला की दुसरा माणूस जिंकला. गोडाऊनमध्ये गोण्या ओळीने मांडून डोळे मिटून खडा टाकण्यासारखंच.

आदल्या रात्री चाचणी घेतली. किती नावं काढायची ते सांगणाऱ्या 'के'ला तीन दिलं, तर पहिलं आणि तिसरं नाव एकाच शेतकऱ्याचं! मामा शेजारीच बसलेले. "एकालेच दोन पंप देऊन राहिला का रे?"

चूक माझीच. चॉइसेस निवडलेलं नाव पुन्हा यादीत ठेवतं. नाव पुन्हा न ठेवणाऱ्या सॅम्पल या दुसऱ्या फंक्शनकडे वळलो, ते वेट्स घेतच नाही. ३.९ पासून काउंट्स देता येतं, पण त्यात गोणी वेगळी म्हणजे चिठ्ठी वेगळी, नाव पुन्हा येऊ शकतंच. नमपाय या पायथॉनच्या वेगळ्या जोड-पॅकेजमध्ये सोय आहे, पण दुकानाच्या जुन्या संगणकावर ते बसवायला नेट धड नव्हतं.

शेवटी एफ्राइमिडिस आणि स्पिराकिस या संशोधकांची २००६ ची युक्ती वापरली : प्रत्येकासाठी शून्य ते एकमधला रँडम आकडा काढायचा, त्याला १ भागिले गोण्या इतका घात द्यायचा, आणि सर्वांत मोठे तीन उचलायचे. ओळी चारच. पण चालवताच शून्याने भागाकाराची एरर! एकाने सगळ्या गोण्या परत केल्या होत्या, नाव मात्र यादीत तसंच. ते काढलं.

खात्रीसाठी वरच्याच तिघांवर दहा हजार वेळा चालवलं. ४० गोण्यांवाला पहिला यायला हवा ५५ पैकी ४० वेळा, म्हणजे ७२.७ टक्के. आकडा ७,२०० ते ७,३०० च्या घरात आला, तेव्हा कुठे झोपलो.

ड्रॉच्या दिवशी दुसरा पंप गेला दोन गोण्यांवाल्याला. खरेदीत सर्वांत पुढे असलेले काका काउंटरवर आले, "माह्या गोण्या मोजल्या का नाही भाऊ?"

मी यादी काढून त्यांच्यापुढे धरली.